जीर्णाचे ऋण

गेल्या चैत्रात कसबा पेठेतील एका जुन्या वाड्याचे तोडकाम चालू असता, रस्त्याच्या कडेला उकिडवा बसलेला एक वृद्ध मजूर भिंतीतून निघालेली प्रत्येक वीट डाव्या हातावर घेऊन, तिला चिकटलेला चुना छिन्नीने खरवडून, हातोडी हलकेच वाजवून तिच्या नादाकडे कान देत होता. खणखणली तर ती थप्पीवर जाई, बद्द वाजली तर मागच्या ढिगात. ते पाहत उभा असताना मनात प्रश्न आला तो असा की, ज्याला आपण अचेतन म्हणतो त्याचे आपल्यावर काही ऋण असते की नाही.

गीतेतील जीर्ण वस्त्राचा दृष्टांत अशा वेळी हटकून आठवतो. तो आत्म्याच्या निर्लेपतेविषयी आहे आणि तेवढ्यापुरता निर्दोष आहे. परंतु टाकलेल्या वस्त्राचे पुढे काय व्हावे, हा त्याचा विषय नव्हे. ते मला आजीकडून कळले. लुगडे विरले की त्याचे काठ निराळे काढले जात, मधला भाग गोधडीच्या थरांत जाई, गोधडीही फाटली की तिच्या तुकड्याने चुलीवरचे पातेले उतरवले जाई, आणि इतक्या जन्मांनंतरही ते लुगडे कोणाचे, हे आजी त्याच्या रंगावरून सांगे.

घराच्या बाबतीत ही जाणीव कोठे जाते? भूमिपूजन आपण करतो, वास्तुशांती करतो. मूर्तीसाठी वृक्ष तोडण्यापूर्वी त्यावर वसणाऱ्या भूतांची पूजा करून त्यांना अन्यत्र वास करण्याची विनंती करावी, असे वराहमिहिराने बृहत्संहितेत सांगून ठेवले आहे. देवालयांसाठी तर जीर्णोद्धाराचे शास्त्रच आहे. राहते घर पाडायच्या दिवशी मात्र मिळकतीचे दस्तऐवज पुरे झाले, मुदत ठरली, की यंत्र येते.

वीट ही केवळ माती नव्हे. ती सुमारे 1000 अंशांवर भाजताना जे लाकूड वा जो कोळसा जळला त्याचा धूर आकाशात गेला, तो परत बोलावता येत नाही. सिमेंटसाठी भट्टी सुमारे 1450 अंशांपर्यंत तापवावी लागते, शिवाय चुनखडी स्वतः विघटित होऊन आपल्या पोटातील कार्बन डायऑक्साइड सोडते. मनुष्याने हवेत सोडलेल्या या वायूपैकी सुमारे 7 ते 8 टक्के सिमेंटच्याच खाती पडतो. अग्निचयनात एकेक इष्टका मंत्राने अभिमंत्रून पाच थरांची वेदी रचणाऱ्या वैदिकांची श्रद्धा मी जशीच्या तशी स्वीकारू शकत नाही, पण विटेत अग्नी आहे हे त्यांचे म्हणणे मला आज अक्षरशः खरे वाटते, आणि धडधाकट वीट राडारोड्यात लोटून नवी भाजायला घेणे हा त्या अग्नीचा अपराध वाटतो.

त्या वृद्धाचे काम शक्य केले होते वाडा बांधणाऱ्या गवंड्याने. चुन्याचा सांधा विटेहून मऊ असतो. भट्टीत गमावलेला वायू हवेतून हळूहळू परत घेत तो कठीण होतो, तरी पुढे कोणी वीट मागायला आला तर तिला इजा न करता सोडतो. सिमेंटचा सांधा बहुधा विटेहून बळकट असतो, म्हणून वीट फुटते पण सांधा सुटत नाही. अपरिग्रहाचा अर्थ मी पुष्कळ ग्रंथांत शोधला. धरतानाच सोडण्याची सोय ठेवणे हा अर्थ मला त्या चुन्याने दाखवला.

केंद्र सरकारने 2016 साली बांधकाम व पाडकामातील राडारोड्याचे नियम करून काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड, विटा हे सारे मोठ्या कामांत वेगवेगळे काढण्याचे बंधन घातले, ते योग्यच होते. परंतु निवड ही हाताने, कान देऊन, सावकाश होणारी गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी वेळ देण्याचा हुकूम ठेकेदाराला घरमालकानेच द्यायला हवा. तो वेळ मोजूनमापून करारात लिहून द्यायला हवा.

वाड्याची मागची बाजू पुढे कधीतरी सिमेंटमध्ये वाढवलेली होती. दुपारी तिला हात लागला, तेव्हा म्हातारबाबा उठून तिकडे गेले, तीन विटा सोडवून पाहिल्या, तिन्ही फुटल्या. छिन्नी कमरेला खोचून त्यांनी जेसीबीला वाट करून दिली आणि पुन्हा आपल्या थप्पीपाशी येऊन बसले.

“बाबा, किती निघतील हो?” मी विचारले.

“चुन्यातल्या समद्या निघतील,” ते म्हणाले, आणि पुढची वीट उचलून कानाशी नेली.