आठवड्याचा हिशेब आणि एका पैची चूक



आजचं वाचन म्हणजे दासबोधाच्या ११व्या दशकातला तिसरा समास. समर्थ यात अख्खा दिवस लावून देतात. पहाटे उठणं, पाठांतर, स्नान, पूजा, थोडा फलाहार, मग संसाराचा कामधंदा, जेवण, वाचन, चर्चा. आणि मध्येच सांगून जातात की भाग्यवान माणसाची खूण काय, तर तो एक क्षणही रिकामा जाऊ देत नाही.

हे वाचून कुणालाही वाटेल, अरे, हे तर मोबाईलमधलं ॲपही सांगतं! मग ग्रंथ कशाला उघडायचा? प्रश्न रास्त आहे. आज त्यावरच बोलू.

आधी साधी गोष्ट. आपला वेळ कुठे जातो हे आपल्याला वाटतं तेवढं माहीत नसतं. सोमवार ते शुक्रवार म्हणजे १२० तास. रोजची सात तास झोप धरली तर ३५ गेले. ऑफिसचे नऊ धरले तर ४५. बोरिवली किंवा मुलुंडहून जाऊन-येऊन अडीच तास, म्हणजे साडेबारा. अंघोळ-जेवणाला रोज दीड तास, म्हणजे साडेसात. बेरीज झाली १००. राहिले २० तास! आणि आपण म्हणतो, ‘नामस्मरणाला वेळच मिळत नाही हो.’ दोन लोकलमधल्या चार मिनिटांचा फरक तोंडपाठ असणाऱ्या माणसाला हे २० तास मात्र सापडत नाहीत.

म्हणून एक आठवडा वही ठेवून बघा. दर अर्ध्या तासाला एक ओळ, जसं घडलं तसं. रात्री आठवून लिहायला बसलात तर मन हळूच सोयीचं तेवढंच लिहितं.

इथे नाथबाबांची गोष्ट आठवते. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे एकनाथ हिशेबाचं काम बघत. एकदा एका पैचा मेळ बसेना. रात्रभर दिव्याखाली बसून त्यांनी ती चूक शोधली आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैसाठी एवढा एकाग्र झालास, हेच चित्त भगवंताकडे लागलं तर काय होईल! परंपरेने चालत आलेली ही कथा आपण बहुतेकांनी आजीकडून ऐकलीय. एक बारकावा बघा. स्वामींनी हिशेब टाकून दे असं म्हटलं नाही. हिशेबात जे लक्ष लागलं होतं, ते त्यांनी ओळखलं.

म्हणून वहीत ‘वेळ’ आणि ‘काय केलं’ या दोन रकान्यांशेजारी तिसरा रकाना हवा: मन कुठे होतं?

कारण नुसते दोन रकाने म्हणजे ऑफिसची टाइमशीट. आपल्यातले कित्येक जण शुक्रवारी संध्याकाळी ती भरतात. ज्या तासाला प्रोजेक्टचा कोड आहे तो तास मोजला जातो, ज्याला कोड नाही तो जणू नव्हताच. तीच सवय घरी आणली तर आजोबांजवळ घालवलेली वीस मिनिटं ‘वाया’ ठरतात. समर्थांचा रिकामा क्षण हा नव्हे. आजोबांची तीच गोष्ट दहाव्यांदा नीट ऐकली तर तो क्षण भरलेला आहे. देवासमोर बसून डोक्यात ऑफिसचा ग्रुप चालू असेल तर तो रिकामा.

लोकलच्या डब्यात बघा. एकाच प्रवासात कुणी टाळ घेऊन भजन म्हणतं, कुणी रील्स सरकवतं, कुणी रात्रपाळी करून खिडकीला डोकं टेकून झोपलेलं असतं. त्या झोपलेल्याला आपण रिकामा म्हणायचं का? मला नाही वाटत. गीतेच्या सहाव्या अध्यायातही झोप आणि जागरण दोन्ही बेताचं असावं असं सांगितलंय. दमलेल्या शरीराची झोप हा साधनेचाच भाग आहे.

आता अवघड भाग. ते उरलेले २० तास नक्की कुणाचे?

सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे आहेत. सहा वर्षांवरच्या ज्यांनी त्या दिवशी बिनपगारी घरकाम केलं, त्यांत बायकांचा सरासरी वेळ २८९ मिनिटं आणि पुरुषांचा ८८. फरक २०१ मिनिटांचा. पाच दिवसांचा धरला तर १००५ मिनिटं, म्हणजे पावणेसतरा तास! आपल्या वर उरलेल्या २० तासांशी हा आकडा किती जवळ आहे बघा.

आपल्या वहीत स्वयंपाकाची ओळच नसेल, डबा भरणं, कपडे वाळत घालणं, पाणी भरून ठेवणं काहीच नसेल, तर ही कामं झाली नाहीत असं नाही. ती दुसऱ्या कुणाच्या तरी वहीत पडली. सकाळी सहा ते साडेसहा मी शांतपणे जप करतो आणि त्याच वेळी आई गॅसपाशी उभी असते. ती अर्धा तास उशिरा उठली असती तर माझा जप झाला असता का? एका पैची चूक ती हीच. माझ्या बाजूने जमा दिसतंय, पण ते कुणाच्या तरी खात्यातून आलंय, आणि तशी नोंदच नाही.

मग जप सोडायचा का? नाही. जनाबाई आठवा. नामदेवांच्या घरचं दळण-कांडण तिच्याकडे. तिला निवांत बसायला वेळ नव्हता. तेव्हा विठ्ठलाने काय केलं? दळण टाकून माझ्यासमोर बस, असं नाही म्हणाला. परंपरा सांगते की तो स्वतः येऊन जात्याचा खुंटा धरून तिच्याबरोबर दळायला बसला. ज्याचं नाम घ्यायला आपण बसतो, तो देव दुसऱ्याचं काम हातात घेणारा आहे. मग त्याच्या भक्ताने निदान आपला डबा आपण भरायला काय हरकत आहे?

म्हणून चौथा रकाना: हा वेळ मला कुणामुळे मिळाला? आई, बायको, वहिनी, कामाला येणाऱ्या ताई, जे खरं असेल ते लिहायचं. ॲप हा रकाना देत नाही. त्याला फक्त माझा वेळ माहीत आहे. ग्रंथ आणि संत माझ्या वेळेमागचा माणूस दाखवतात.

या आठवड्याचा संकल्प: सोमवारी चार रकाने आखायचे, शुक्रवारी रात्री वही देवापुढे ठेवून दहा मिनिटं शांत वाचायची, आणि एकच अर्धा तास हलवायचा. फोनकडून काढून चौथ्या रकान्यातल्या कुणाला तरी द्यायचा. पोळ्या जमत नसतील तर भांडी घासा. हात भांड्यात असताना नाम चालतंच.

समर्था, आमचा एकही क्षण रिकामा जाऊ नये, आणि आमचा क्षण भरण्यासाठी दुसऱ्या कुणाचा दिवस रिता होऊ नये, एवढी बुद्धी दे.

राम कृष्ण हरी.