परक्या नगरासाठी प्रार्थना

शास्त्रवाचन : यिर्मया 29:1-14



अफझलगंजात आमच्या आजोबांच्या पलंगाखाली एक पत्र्याची पेटी असे. 1951 साली ते बीड जिल्ह्यातून नोकरीसाठी हैद्राबादला आले. तेव्हा बीड व हैद्राबाद एकाच राज्यात होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हैद्राबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. आजोबा जागचे हलले नाहीत, पण एका रात्रीत परप्रांतीय ठरले. "आता परत जायचेच आहे," असे म्हणत त्यांनी पेटी बांधून ठेवली, ती बांधलेलीच राहिली. आमच्या सायंप्रार्थनेत बीडच्या पावसासाठी विनंती होई. या शहराचे नाव आम्ही एकदाही घेतले नाही. शेजाऱ्यांची तेलुगू आम्ही शिकलो नाही. यालाच आम्ही मायभूमीवरील प्रेम समजत होतो.

बाबेलात नेलेल्या यहूद्यांचे मनही असेच यरुशलेमेत अडकले होते. दोन वर्षांत बंदिवान परततील, असे हनन्याने सांगितले. ते ऐकावयास गोड होते, पण खोटे होते. यिर्मयाचे पत्र कडू, पण खरे होते. सत्तर वर्षे लागणार होती. म्हणून घरे बांधावीत, बागा लावाव्यात, मुलाबाळांची लग्ने करावीत आणि ज्या नगराने आपल्याला बंदिवान केले त्याच्याच कल्याणासाठी प्रार्थना करावी, असे देवाने कळविले. यरुशलेम विसरा, असे मात्र त्याने म्हटले नाही. परत आणण्याचे वचन त्याच पत्रात आहे.

1994 साली आजोबा उस्मानिया रुग्णालयात होते. एक तेलुगू आया त्यांचे अंग पुशी, त्यांना घास भरवी व "तातय्या" म्हणून हाक मारी. तेलुगूत आजोबांना तसे म्हणतात. आमच्या गावी त्यांना "तात्या"च म्हणत. त्याच रुग्णालयाच्या आवारात चिंचेचे एक जुने झाड आहे. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीला महापूर आला, तेव्हा त्या झाडाला धरून सुमारे दीडशे माणसे वाचली. आपल्या चिंचेला एवढे आयुष्य लोंबकळेल, हे लावणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसेल. त्याने झाड लावले, एवढेच.

त्या रात्री आजोबांनी प्रथमच त्या आयेसाठी, तिच्या लेकरांसाठी आणि या शहरासाठी प्रार्थना केली. महिन्याभरात ते प्रभूकडे गेले. मग आम्ही पेटी उघडली. आत एक धोतर, गीतपुस्तक आणि फडक्यात बांधलेले शाळूचे बी होते. परत गेल्यावर पेरण्यासाठी जपलेल्या त्या बियाण्याला भुंगा लागून त्याचा भुगा झाला होता.

प्रियांनो, आपला तारणारा स्वतः बालपणी मिसरात परदेशी होता. आपले खरे नगर स्वर्गात आहे, असे इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय शिकवितो. पण त्या आशेच्या नावाखाली इथल्या शेजाऱ्याकडे पाठ फिरविण्याची मुभा आपल्याला नाही. आज आपली मुले पुण्यात, दुबईत, अमेरिकेत राहतात, आणि बिहार-ओडिशाचे मजूर आपल्या गल्लीत उतरतात. परकेपणाचे दुःख आपण जाणतो. मग त्या मजुराला पहिला पाण्याचा तांब्या आपल्याच दारातून का मिळू नये?

मराठी जपा, गाव आठवा. पण बी पेटीत ठेवू नका. येत्या रविवारी आपल्या नगराचे व एका परभाषी शेजाऱ्याचे नाव प्रार्थनेत घ्या. आम्हाला ते करावयास त्रेचाळीस वर्षे लागली.

प्रभू आपणांस साहाय्य करो. आमेन.