गीता २.१४ : थंडी, ऊन आणि माझे मोजे

आजच्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात, थंडी-ऊन येतं आणि जातं, सोस. आता मला आहे रेनॉड. गारठ्यात बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. बोटं आधी पांढरी, मग निळी, ऊब मिळाली की लाल. (१८६२ साली मॉरिस रेनॉड या फ्रेंच डॉक्टरांनी हे मांडलं.) मग डिसेंबरच्या पहाटे जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला अनवाणी चढणं ही तितिक्षा का? मला नाही वाटत. 'सोस' हे मनाला सांगितलंय; रक्तवाहिन्या कुणाचंच ऐकत नाहीत! अर्जुनाला तरी कवच कुठे उतरवायला लावलं? मी लोकरीचे जाड मोजे घालूनच गिरिजात्मजासमोर उभा राहतो. कुणी टोकलं तर ते सोसतो. बोटाला जखम झाली, तर मात्र थेट डॉक्टर.