श्वासाचा विश्वस्त कोण?

अन्न नाकारता येते, पाणी गाळून पिता येते. श्वास मात्र समोर असेल त्या हवेतूनच घ्यावा लागतो. निवड करण्याची सोय नाही. म्हणूनच बंद दालनातील हवा कशी राखावी हा प्रश्न केवळ अभियंत्याचा राहत नाही, तो नीतीचाही होतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो सर्वांत स्पष्टपणे उभा राहतो, कारण तेथे एकाच्या निर्णयाने निर्माण झालेली वाफ दुसऱ्याच्या छातीत जाते.

आपल्या इंदूर-ग्वाल्हेरकडील जुन्या मराठी घरांतून विज्ञान शाखेकडे जाणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. ज्यांनी क्षारपरीक्षण केले, त्यांना किपचे उपकरण आणि हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यांसारखा दर्प आठवत असेल. त्या दर्पाची थट्टा होई आणि तो सोसणे हे पुरुषार्थाचे लक्षण समजले जाई. परंतु या वायूचा स्वभाव विलक्षण आहे. त्याचे प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास येईनासा होतो आणि माणसाला वाटते की संकट टळले; वस्तुतः ते तेव्हा अधिक जवळ आलेले असते. पाऱ्याची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड यांना तर वासच नाही. ‘आम्हांला सवय आहे’ हे वाक्य आपण अनुभवाची ग्वाही म्हणून ऐकतो. पण अनेकदा ती बधिरतेची कबुली असते.

यावर विज्ञानाने शोधलेला उपाय साधा आहे. फ्यूम कपबोर्ड म्हणजे पुढे सरकती काच असलेले कपाट. मागील पंखा हवा आत ओढून धुराड्यावाटे बाहेर सोडतो. काचेखालच्या फटीतून हवा सेकंदाला सुमारे अर्धा मीटर या वेगाने आत जावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. परंतु कपाटात बाटल्यांची गर्दी झाली किंवा काच पूर्ण वर ठेवली, तर हा प्रवाह बिघडतो. छताचा पंखा वाफ घालवीत नाही, ती खोलीभर वाटून टाकतो. शासकीय सेवेत असताना महाविद्यालयीन इमारतींचे प्रस्ताव आम्ही पुष्कळ पाहिले. प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी तरतूद सापडे. बंद पडलेल्या एक्झॉस्ट पंख्यावर मात्र ‘निधी उपलब्ध झाल्यावर विचार व्हावा’ असा शेरा बसे. कमान दिसते, हवा दिसत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल की धोका पत्करल्यावाचून ज्ञान वाढलेच नसते. तो आक्षेप हलका नाही. अनेक द्रव्ये प्रथम सिद्ध करणारा स्वीडनचा शेले स्वतः रसायनांची चव घेई. १७८६ मध्ये, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी तो निवर्तला. खाणकामगारांचे प्राण वाचावेत म्हणून जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी कार्बन मोनॉक्साइड स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदविले. अशा माणसांपुढे मस्तक लवते. परंतु १८६० च्या दशकात लंडनमध्ये पाऱ्याच्या एका सेंद्रिय संयुगावर काम करताना विषबाधेने जे दोघे दगावले, ते प्रयोगशाळेतील साहाय्यक होते. धाडसाचे पुण्य ज्याचे त्याने स्वतःच्या देहावर मिळवावे. दुसऱ्याच्या देहावर केलेल्या धाडसाला निराळे नाव आहे.

तरीही सर्व दोष निष्काळजीपणावर ढकलता येत नाही. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या प्राध्यापिका कॅरन वेटरहान या विषारी धातूंच्याच अभ्यासक. १४ ऑगस्ट १९९६ रोजी डायमेथिल मर्क्युरीचे थोडेसे थेंब त्यांच्या हातमोज्यावर सांडले. त्या फ्यूम हूडमध्येच काम करीत होत्या, हातमोजेही घातलेले होते. पण ते द्रव्य तशा रबरी हातमोज्यातून काही सेकंदांतच आरपार जाते, हे नंतरच्या चाचण्यांतून कळले. लक्षणे काही महिन्यांनी दिसली आणि ८ जून १९९७ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. त्यांच्या सहकाऱ्यांनी ही हकीकत न लपविता रसायनशास्त्रज्ञांच्या जगाला लगोलग सावध केले. अज्ञानाला क्षमा आहे. कळलेले दडपून ठेवण्याला नाही, असा बोध आम्ही यातून घेतो.

आता धुराड्याचा प्रश्न. पंख्याने वाफ बाहेर घालवली, म्हणजे ती गेली कोठे? बाहेरही कोणी श्वास घेतच असतो. आपल्या प्रदेशाला हे निराळे सांगावयास नको. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये सुमारे चाळीस टन मेथिल आयसोसायनेट सुटले. तेव्हा वायू धुऊन काढणारी यंत्रणा निरुपयोगी ठरली, जाळून टाकणारा मनोरा बंद होता आणि शीतकरणही थांबविलेले होते. पुढे चाळीस वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, त्या कारखान्याच्या आवारातील ३३७ टन कचरा आपल्या इंदूरजवळच्या पीथमपूरला आणण्यात आला. तेथील रहिवाशांनी तीव्र विरोध केला. न्यायालयाच्या देखरेखीखाली जून २०२५ अखेर तो जाळून झाला. कोठेतरी त्याची विल्हेवाट लावणे भागच होते, हे आम्ही मान्य करतो. परंतु ‘कोठेतरी’ या शब्दात नेहमी दुसऱ्याचेच गाव का बसते, हा पीथमपूरकरांचा प्रश्न अवाजवी म्हणता येणार नाही.

मग कर्तव्य कोणते? धोका शून्यावर आणा असे म्हणणे म्हणजे प्रयोगशाळांना कुलूप लावा असे म्हणणे होय, आणि ते आम्हांला मान्य नाही. परंतु घातक द्रव्याऐवजी सौम्य द्रव्य चालत असेल तर ते वापरावे. नसेल तर वाफ उगमापाशीच पकडावी. मुखपट्टी हा शेवटचा उपाय मानावा, पहिला नव्हे. आणि याहून महत्त्वाचे असे की, बाटल्या धुणाऱ्या परिचरालाही त्याच्या भाषेत धोका समजावून सांगावा आणि पंखा बंद असेल तर काम थांबविण्याचा अधिकार त्याला असावा. ज्याला नकार देता येत नाही, त्याची संमती ही संमती नव्हे. आपली मुले-नातवंडे आज अशा संस्था चालवितात, तेथे शिकवितात, त्यांच्या नियामक मंडळांवर बसतात. पुढील अंदाजपत्रकाच्या वेळी त्यांनी कमानीच्या आधी पंख्याचा खर्च मांडला, तरी पुष्कळ झाले.