हात नसलेल्या न्यायालयासाठी

पांडुरंगा, तुझ्यापुढे लोक पाऊस मागतात, मूल मागतात, अडलेली सोयरीक मागतात. मी आज एका करारातल्या कलमासाठी हात जोडतेय. हसू नकोस.

१९६३ साली व्हिएन्नात वकिलातींविषयी देशादेशांचा एक करार झाला, त्यातलं हे छत्तिसावं कलम. म्हणणं साधंच आहे. परमुलखात कुणाला पकडलं, तर तुझ्या देशाच्या वकिलातीला कळवण्याचा तुला हक्क आहे, हे त्याला विनाविलंब सांगा. वकिलातीच्या माणसांना त्याला भेटू द्या, त्याला वकील मिळवून देऊ द्या. अडकलेल्या माणसाला सगळ्यात आधी आपलं कुणीतरी हवं असतं. तेवढंच कायद्याच्या कोरड्या भाषेत लिहून ठेवलंय.

२५ डिसेंबर २०१७ चा दिवस तू पाहिला आहेस, देवा. इस्लामाबादेत काचेच्या पलीकडे पाकिस्तानच्या कैदेतले भारतीय कुलभूषण जाधव, अलीकडे त्यांची आई आणि पत्नी. आत सोडण्याआधी दोघींना कपडे बदलायला लावले. मंगळसूत्र, बांगड्या, टिकली उतरवायला लावली. पत्नीची पादत्राणं परत मिळालीच नाहीत. बोलणं यंत्रावरून. आणि आई मराठीत बोलू लागली की तिला अडवत होते. हे आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं नंतर सांगितलं. पाकिस्ताननं सुरक्षेचं कारण पुढे केलं. मंगळसूत्राचा संताप पुष्कळांना आला, मलाही आला. पण मला लागून राहिलंय ते मराठीचं. अटकेनंतर पावणेदोन वर्षांनी मुलगा दिसतोय, आणि नीट जेवतोस का, हे आईनं त्याला कुठल्या भाषेत विचारायचं?

तरी ती भेट झाली, आणि कशामुळे झाली हे विसरू नये म्हणून तुझ्यापाशी बोलतेय. एप्रिल २०१७ मध्ये पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयानं जाधवांना हेरगिरीच्या आरोपावरून फाशी सुनावली. भारत म्हणतो, त्यांना इराणमधून पळवून नेलं. पाकिस्तान म्हणतो, बलुचिस्तानात पकडलं. वकिलातीची भेट भारतानं पुन्हा पुन्हा मागितली, ती मिळाली नाही. ८ मे रोजी भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. नागपूरचे हरीश साळवे एक रुपया मानधनावर उभे राहिले. दहाव्या दिवशी न्यायालयानं एकमतानं सांगितलं, निकाल लागेपर्यंत फाशी द्यायची नाही. १७ जुलै २०१९ ला निकाल आला, १५ विरुद्ध १. त्या पंधरांत चीनच्या न्यायाधीशही होत्या. हेराला हे कलम लागू नाही, असं पाकिस्तानचं म्हणणं होतं. न्यायालयानं कलम उघडून पाहिलं. तसा अपवाद त्यात नव्हताच.

विठ्ठला, त्या न्यायालयाला ना शिपाई, ना तुरुंग. निकाल कुणी धुडकावला तर सुरक्षा परिषदेकडे जायचं, आणि तिथं पाच जणांच्या खिशात नकाराधिकार. तुझ्यासारखेच हात कमरेवर. मग फाशी थांबली कशी? पाकिस्तानला दया आली, असं मी मानत नाही. माझ्या मते ही गावातली जुनीच गोष्ट आहे: चार लोकांत बसायचं असतं, उद्या आपल्यालाही कुणाच्या दारात जायचं असतं. आपलाही कुणी नागरिक परक्या कोठडीत असेल, तेव्हा हेच कलम पुढे करायचं असतं. त्या लाजेपोटी सप्टेंबर २०१९ मध्ये भारतीय अधिकाऱ्याला जाधवांना भेटू दिलं, २०२१ मध्ये फेरविचारासाठी संसदेत कायदा करावा लागला. मनात काही बदललं असेल असं दिसत नाही, वागण्यात तेवढा फरक पडला. हेगनं सुटका दिलीच नव्हती. शिक्षेचा नीट फेरविचार करा, एवढंच म्हटलं होतं. माणूस अजून तिथंच आहे.

आणि लाज सगळ्यांनाच वाटते असंही नाही. जर्मनीत जन्मलेले लाग्रांड बंधू अमेरिकेत ॲरिझोनाच्या तुरुंगात होते. हे कलम त्यांना वेळेवर कुणी सांगितलंच नव्हतं. ३ मार्च १९९९ ला, हेगचा थांबवण्याचा आदेश आलेला असताना, वॉल्टरला विषारी वायूनं मारलं. कार्ल आठवडाभर आधीच गेला होता. जर्मनीनं खटला सोडला नाही. २००१ मध्ये न्यायालयानं पहिल्यांदा ठणकावून सांगितलं की आपले असे तातडीचे आदेश बंधनकारकच असतात. वॉल्टरला त्याचा काय उपयोग? उपयोग झाला तो सोळा वर्षांनी, मुंबईतल्या एका घराला. तुझा हिशेब मला कधीच कळला नाही. तेहरानमधल्या ओलिसांसाठी १९८० मध्ये व्हिएन्नाच्या त्या करारासोबतच्या ज्या पूरक कराराचा आधार घेऊन अमेरिका याच न्यायालयात जिंकली, त्यातून ती २००५ मध्ये बाहेर पडली. आपल्यावर उलटू लागल्यावर.

दुसऱ्याचं सांगून झालं, आता आमचं. ऑगस्ट १९९९ मध्ये आपण पाकिस्तानी नौदलाचं विमान पाडलं, १६ माणसं गेली. पाकिस्तान हेगला गेला, तेव्हा आपणच म्हणालो की या न्यायालयाला अधिकार नाही. कायद्यानं ते बरोबर ठरलं. तरी ते आठवलं की मी जरा गप्प होते. छळाविरुद्धच्या करारावर भारतानं १९९७ मध्ये सही केली. सही झाली, मान्यता अजून बाकी. २०१० मध्ये लोकसभेनं विधेयक मंजूर केलं, ते राज्यसभेच्या समितीत जाऊन विरून गेलं. त्याच वर्षी पाकिस्ताननं त्या कराराला मान्यता दिली, २०२२ मध्ये कायदाही केला. त्यानं तिथल्या कोठडीतला मार थांबला, असं मी समजत नाही. पण मार खाल्लेल्याला बोट ठेवायला एक ओळ मिळाली. आमच्या कोठडीत मेलेल्या पोराची आई कुठे बोट ठेवणार?

तेव्हा देवा, आमच्या सरकारला आणखी बळ दे, असं नाही मागत. ते मागणारे पुष्कळ आहेत. ती सव्वीस वर्षांहून जुनी सही त्याला रात्री आठवू दे. हेगच्या त्या बिनहातांच्या माणसांना कंटाळा येऊ देऊ नकोस. आणि जाधवांच्या घरची माणसं पुन्हा त्या खोलीत गेली, तर काच राहिली तरी राहू दे, घड्याळ लावून कुणी उभं राहिलं तरी राहू दे. बोलणं मात्र मराठीत होऊ दे.