पहिला मान कोणाचा?

सकाळच्या वेळीं नसरापुराजवळ चेलाडीच्या फाट्यावर उभें राहिलें, म्हणजे आपल्या गांवांतलीं किती माणसें आतां चाकरीवर जगतात ह्याची कल्पना येते. कोणी पुण्यास निघालेला असतो, कोणी शिरवळच्या कारखान्यांत, कोणी भोरास तालुक्याच्या कचेरींत, तर कोणी वेल्ह्याकडील एखाद्या शाळेवर. सायंकाळीं हींच माणसें परत येतात, तेव्हां त्यांचें बोलणें ऐकावें. कामाविषयीं तें क्वचितच असतें. शेजारच्या टेबलावरच्यानें काय केलें, साहेबाच्या कानाला कोण लागलें, वरची जागा कोणास मिळाली व कोणाची हुकली, ह्याविषयींच बहुधा असतें. कामाचा शीण रात्रीच्या झोपेनें जातो. हा दुसरा शीण मात्र घरीं येतो, जेवणाच्या ताटाशीं बसतो, आणि पुष्कळदां बायकामुलांवर निघतो.

तेव्हां आज आम्हीं वाचकांपुढें एकच प्रश्न ठेवितों. आपल्या बरोबरीनें काम करणारा मनुष्य आपल्या वांट्याचा मान घेऊं पाहतो, तेव्हां आपण तो सोडावा कीं धरून ठेवावा? भले लोक म्हणतात, सोडून द्या, गप्प बसा, देव पाहून घेईल. व्यवहारी लोक म्हणतात, जशास तसें. आम्हांस हीं दोन्हीं उत्तरें अपुरीं वाटतात, आणि खरें सांगावयाचें तर पहिलें अधिक अपुरें वाटतें. कारण भित्रेपणा पुष्कळदां सहनशीलतेचा अंगरखा घालून येतो, आणि मग त्यास कोणी ओळखीत नाहीं.

मत्सर हा लांबच्या माणसाचा होत नसतो. नसरापूरच्या शाळामास्तरास मुंबईच्या मंत्र्याचा हेवा वाटत नाहीं. पलीकडच्या वर्गावरच्या मास्तराचा वाटतो, आणि तोही पगारांत शे-दोनशेंचें अंतर असेल तर. म्हणूनच आपल्या भाषेंत भाऊबंदकी हा शब्द आहे आणि परकेबंदकी असा शब्द नाहीं. शेतकऱ्यास हें समजावून सांगावें लागत नाहीं. शेजारचा भाऊबंद बांध कोरतो तो एका दिवसांत कोरीत नाहीं. दर वर्षीं नांगराचें एक तास आंत घेतो. तक्रार करावी तर लोक म्हणतात, एवढ्याशा मातीसाठीं भांडतोस काय? दहा वर्षांनीं पाहावें, तों वीतभर बांध उरलेला असतो. कचेरींतील बांधही असाच कोरला जातो. आज एका कागदावर तुमचें नांव राहून जातें. उद्यां तुम्हीं काढलेली युक्ति दुसरा आपली म्हणून सांगतो. परवां मोबाइलवरचा महत्त्वाचा निरोप सर्वांस जातो आणि नेमका तुम्हांस येत नाहीं. प्रत्येक गोष्ट इतकी लहान असते, कीं ती बोलून दाखविणाऱ्यासच लाज वाटावी.

ह्या प्रश्नाचें सर्वांत जवळचें उदाहरण शोधावयास आम्हांस दूर जावें लागलें नाहीं. नसरापुराहून पश्चिमेस राजगडाची वाट जाते, आणि दक्षिणेस भोराच्या मुलुखांत कारी, उत्रोळी, शिंद हीं गांवें आहेत. शिवाजी महाराजांच्या काळीं ह्या मावळांत देशमुखांचीं घराणीं होतीं. रोहिड खोऱ्यांत कारीचे जेधे व उत्रोळीचे खोपडे, आणि शेजारीं हिरडस मावळांत बांदल. हीं घराणीं एकमेकांचीं शेजारी होतीं, सोयरीं होतीं, आणि वतनाच्या व हद्दीच्या पायीं एकमेकांचीं वैरीही होतीं. पुढें महाराजांच्या पदरीं जेधे व बांदल हे एकाच कामाचे सोबती झाले. जुनें वैर मनांतून लगेच गेलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. एका धन्याची चाकरी धरली म्हणून माणसें एकमेकांस आवडूं लागतात, हा भ्रम ज्यांनीं चाकरी केली नाहीं त्यांसच शोभतो.

१६६० सालच्या जुलै महिन्यांत महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यांतून निसटून विशाळगडाकडे गेले, तेव्हां वाटेवरची खिंड बांदलांच्या मावळ्यांनीं अडवून धरली. त्यांच्यांत शिंद गांवचे बाजीप्रभु देशपांडे होते. ते तेथें पडले, व त्यांच्याबरोबर पुष्कळ लोक पडले. दरबारांत तलवारीच्या पहिल्या पानाचा मान तोंवर जेध्यांचा होता. ह्या लढाईनंतर महाराजांनीं तो मान बांदलांस दिला, आणि कान्होजी जेधे ह्यांनीं तो आपल्या हातानें सोडला, असें परंपरा सांगते.

ही गोष्ट सांगून लोक बहुधा एवढेंच म्हणतात, कीं पाहा, केवढें मोठें मन! आम्हांस त्यापुढें विचारावेंसें वाटतें. येथें मान सोडणें योग्य कां ठरलें? मान मागितला गेला तो उघड, सर्वांदेखत. त्याचें कारण कोणासही दिसण्यासारखें होतें. खिंडींत पडलेल्या माणसांची मोजदाद करतां येत होती. आणि जेध्यांची योग्यता त्यामुळें नाकारली गेली नव्हती. कान्होजी आदल्याच वर्षीं, अफझलखान चालून आला असतां, आपले पांच पुत्र घेऊन राजगडीं आले होते व आपल्या वतनावर पाणी सोडून उभे राहिले होते. ज्यानें वतनावर पाणी सोडलें, त्यास एका पानाचा मान सोडणें जड गेलें नसेल, असें कोणी म्हणेल. आमचें मत उलट आहे. मनुष्य संकटाच्या वेळीं वतन सोडतो, आणि संकट टळल्यावर पंक्तींतल्या जागेवरून उठून जातो, हें आम्हीं सर्वांनीं लग्नकार्यांत पाहिलें आहे.

आतां कल्पना करा, कीं बांदलांनीं हाच मान मागच्या दारानें मिळविला असता. जेध्यांविषयीं महाराजांच्या कानांत कांहीं घालून, किंवा मेलेल्यांचा आंकडा फुगवून. तेव्हांही कान्होजींनीं गप्प राहून तो सोडावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. चोरास घराची किल्ली आपण होऊन देणें हें दान नव्हे. शिवाय अशा वेळीं गप्प बसणारा एकटाच बुडत नाहीं. आज त्याच्यावर जी युक्ति चालली ती उद्यां त्याच्याहून दुबळ्यावर चालते, आणि त्या दुबळ्यास आपल्या मौनाचा हिशोब आपणच देणें लागतों.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. कान्होजी देशमुख होते. त्यांस मान सोडणें परवडलें. कचेरींतल्या ज्या बाईची बढती हुकल्यामुळें मुलाची फी अडते, तिला कान्होजींची गोष्ट सांगणें हें जरा निर्दयपणाचें आहे. म्हणून मान आणि भाकर ह्यांचा हिशोब निराळा मांडावा असें आम्हांस वाटतें. मान हा आपला एकट्याचा असतो. तो देण्याची आपणांस मोकळीक आहे. भाकरींत घरच्या सर्वांचा वांटा असतो. तिच्यावर कोणी हात घातला तर उदार होण्याचा अधिकार आपणांस एकट्यास नाहीं. तेथें हक्क मागावा, पण आपलें नांव घालून, कागदावर, आणि दिवसाउजेडीं. सरकारी कचेऱ्यांत तात्पुरती ज्येष्ठता यादी प्रसिद्ध करून तिजवर हरकती मागविण्याची रीत आहे. तलवारीच्या पानाचाच हा आजचा अवतार. ज्यास हरकत घ्यावयाची असेल त्यानें मुदतींत घ्यावी. मुदत जाऊं द्यावी आणि मग वर्षभर चहाच्या टपरीवर गाऱ्हाणें गावें, ह्याला आम्हीं सहनशीलता म्हणत नाहीं.

गाऱ्हाणें आणि चुगली ह्यांतला भेद पुष्कळांस कळत नाहीं, व कांहींस तो कळूनही नको असतो. ज्याच्याविषयीं बोलावयाचें तो समोर उभा असतां तेंच वाक्य आपण तसेंच बोलूं काय, एवढें मनास विचारलें कीं बहुधा उत्तर मिळतें. आपल्या वाचकांस मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय ठाऊक आहे. अपराध करणाऱ्याकडे प्रथम एकट्यानें जावें, मग एकदोघांस घेऊन जावें, आणि त्यानंतरच मंडळीस सांगावें, असा क्रम तेथें आहे. आम्हीं पाहतों तो क्रम बहुधा उलटा असतो. प्रथम सर्व मंडळीस कळतें, आणि ज्याचें त्यास अगदीं शेवटीं. दोन उपदेशक शेजारच्या दोन गांवीं काम करीत असले, तरी तेथेंही हें चालतें. कोणाच्या वर्गास किती लेंकरें, आणि कोणाच्या सभेस किती घोंगड्या पसरल्या.

अंधारांतला शब्द किती घात करतो, ह्याचें एक उदाहरण न्यायालयांतलें आहे. देव दत्त नांवाचे एक सरकारी अभियंते होते. त्यांच्या गोपनीय अहवालांत एका वर्षीं ‘चांगला’ असा शेरा होता. वाचणारा म्हणेल, ह्यांत वाईट तें काय? परंतु बढतीसाठीं ‘फार चांगला’ असा शेरा लागत असे, आणि ह्या एका वर्षाच्या शेऱ्यामुळें बढती अडली. शेरा मात्र त्यांस कळविलाच नव्हता. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें, कीं बरा असो वा वाईट असो, प्रत्येक शेरा संबंधित नोकरास कळविला पाहिजे, म्हणजे त्यास आपली बाजू मांडतां येईल. बढती द्याच, असें न्यायालयानें सांगितलें नाहीं. त्यास दिसूं द्या, बोलूं द्या, इतकेंच सांगितलें. आमच्या मतें न्यायाचा मोठा भाग एवढ्यांतच येतो.

वरिष्ठांचा विषय निघालाच आहे, तर त्यांविषयीं थोडें कठोर बोललें पाहिजे. सोबत्यांची चढाओढ ही बहुधा खालून पेटते, पण तिला वारा वरून मिळतो. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव ह्यांची कथा महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. औरंगजेबाच्या प्रचंड फौजेस ह्या दोघांनीं वर्षानुवर्षें जेरीस आणलें. संताजी शिस्तीचे अतिशय कडक होते, म्हणून त्यांच्या हाताखालचे पुष्कळ लोक दुखावलेले असत. धनाजींशीं लोकांचें अधिक जमे. संताजींचें राजाराम महाराजांशीं बिनसलें, सेनापतिपद धनाजींकडे गेलें, आणि १६९६ सालीं दोघांच्या फौजा एकमेकींवर धांवल्या. त्या झगड्यांत अमृतराव निंबाळकर मारले गेले. पुढच्या सालीं, १६९७ त, नागोजी माने ह्यानें संताजींस गांठून मारिलें. अमृतराव हे नागोजीचे मेहुणे, असें सांगतात. ज्या सेनापतीच्या नांवानें मोगलांच्या छावणींत धाक पडे, तो मोगलांच्या हातून मेला नाहीं. धनाजींस आम्हीं दुष्ट ठरवीत नाहीं; ते शूर होते, आणि पुढें १७०८ पर्यंत, मरेतोंवर, त्यांनीं राज्याची सेवा केली. संताजींचा स्वभावही निर्दोष नव्हता. परंतु दोन मोठ्या माणसांच्या मधें लहान माणसें ये-जा करूं लागलीं, आणि वरच्यानें दोघांस एकत्र बसवून ऐकण्याऐवजीं एकेकाचें निराळें ऐकलें, म्हणजे काय होतें तें येथें दिसतें. ज्यांच्या हाताखालीं चार माणसें आहेत, मग तो मुख्याध्यापक असो, पाळक असो वा कारखान्यांतला मुकादम असो, त्यानें एकाविषयीं दुसऱ्याकडून ऐकलेली गोष्ट पहिल्यास विचारल्याशिवाय मनांत ठेवूं नये. हें फार अवघड नाहीं. फक्त कान देण्यांत जी गोडी आहे ती सोडावी लागते.

सर्व भांडणें मिटतात असेंही नाहीं. पौल व बर्णबा ह्यांचा मार्काविषयीं इतका तीव्र मतभेद झाला, कीं ते एकमेकांपासून निघून गेले. बर्णबा मार्कास घेऊन कुप्रास गेला, आणि पौल सीलाला घेऊन दुसरीकडे. दोघांचेंही काम चाललें. पुढें पौलानेंच तीमथ्यास लिहिलेल्या पत्रांत मार्कास बोलावून घेतलें. म्हणून ज्याचें एखाद्या सोबत्याशीं कांहीं केल्या जमत नाहीं, त्यानें बदली मागितली तर तो हरला असें कोणी समजूं नये.

सर्वांत अवघड प्रसंग आमच्या मतें निराळाच आहे. आपला प्रतिस्पर्धी वर चढतो तेव्हां मन जळतें हें खरें, पण तेव्हां आपण निदान सावध असतों. तो पडतो, पकडला जातो, त्याची चौकशी लागते, त्या दिवशीं आपण सावध नसतों. त्या दिवशीं आपणांस कांहींच करावें लागत नाहीं. नुसतें न बोलणें पुरतें. कोणी विचारलें, तर हलकेंच मान हालवावी, इतकेंच.

अफझलखानाच्या स्वारींत उत्रोळीचे खंडोजी खोपडे खानास मिळाले. जेध्यांचा व त्यांचा जुना तंटा होताच. प्रतापगडचा प्रसंग झाला, खान पडला, आणि खंडोजी जीव घेऊन लपत फिरूं लागले. शेवटीं गुंजण मावळच्या शिळिमकरांच्या मध्यस्थीनें त्यांनीं शब्द टाकिला तो कान्होजींकडे. जेध्यांसाठीं ह्याहून सोपा दिवस उगवला नसता. अपराध खरा होता, शिक्षा न्याय्य होती, आणि वैऱ्याचें घर आपोआप बुडत होतें. कान्होजी महाराजांकडे गेले आणि त्यांनीं खंडोजींच्या जिवासाठीं रदबदली केली. महाराजांनीं कान्होजींच्या शब्दाखातर जीव राखला. पण फितुरी माफ केली नाहीं, आणि खंडोजींचा उजवा हात व डावा पाय तोडविला. कान्होजींनीं मागितलें होतें तेवढें त्यांस मिळालें कीं नाहीं, ह्याविषयीं लोक आजही दोन्हीं बाजूंनीं बोलतात. खंडोजी मात्र त्या दिवसानंतर जिवंत होते, आणि ते ज्याच्या शब्दानें जिवंत होते तो कारीचा जेधे होता.