चुकीनं घडवलेले पंख

कढीपत्त्यावर काळं फुलपाखरू. मागच्या पंखांवर पांढरा डाग, कडेला लाल चंद्रकोरी. बागेतला असा फोटो ‘कॉमन रोझ’ म्हणून बिनधास्त फिरतो, आणि निघते ती पुष्कळदा ‘कॉमन मॉर्मन’ची मादी.

खूण अंगावर असते. रोझचं डोकं, छातीच्या कडा आणि पोटाचं टोक लाल. मॉर्मनचं अंग काळं. फोटो नेमका वरून काढलेला असला, पंखांआड कडा गेल्या, की पंचाईत. मादी अंडी घालताना टिपली असेल तर झाडही साक्ष देतं. मॉर्मनला कढीपत्ता किंवा लिंबू लागतं, रोझला ईश्वरीची वेल. नुसती मध पीत असेल, तर फूल काहीच सांगत नाही.

न्यायसूत्रांनी संशयाची व्याख्या जणू अशाच फोटोंसाठी केली आहे: दोहोंतलं समान ते दिसतं, वेगळेपण दिसत नाही. समोर खांब आहे की माणूस, हे भाष्यातलं जुनं उदाहरण.

वेदान्ती मात्र दोरीवरच्या सापाकडे बोट दाखवतील. दिवा आणला की साप गेला. दोरी होती तशीच.

पण मॉर्मन होती तशी राहिलेली नाही. ईश्वरी खाऊन वाढलेली रोझ विषारी. एकदा चोच पोळलेला पक्षी तिच्या वाटेला जात नाही. चविष्ट मॉर्मनला तो रोझ समजून सोडतो, ती जगते, अंडी घालते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या चुकांनीच ते पंख रंगवले. नक्कल ‘डबलसेक्स’ नावाच्या जनुकावर चालते, हे कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं. पाहणाऱ्याच्या भ्रमानं वस्तूच बदलावी, याला दोरीच्या दृष्टान्तात जागा नाही. पक्षी, पंख, चूक, सारं व्यावहारिक सत्तेतलंच, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरतं खरं, असं अद्वैती म्हणेल. तर्क चोख आहे, पण प्रश्नाला बगल देणारा.

एका मुद्द्यावर मात्र शंकराचार्यांची सरशी होते. अध्यासाच्या, म्हणजे एका वस्तूवर दुसरीचा भास होण्याच्या, व्याख्येत त्यांनी पूर्वी पाहिलेल्याची अट घातली आहे. पक्ष्यानं आधी खरी रोझ चाखलेली असावी लागते. नकला फार झाल्या, तर तो हे रूप खाण्याजोगं आहे, असंच शिकेल. मॉर्मनचे नर तर ही नक्कल करतच नाहीत. काही माद्याही नरासारख्याच दिसतात, काळ्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ घेऊन.